नॅलोक्सोन : देण्याच्या पद्धतींची तुलना

हेरॉइन, मॉर्फिन, फेंटॅनिल अशा अफूवर्गीय द्रव्यांची अतिमात्रा झाली की श्वास मंदावत जाऊन थांबतो. नॅलोक्सोन हा त्यावरचा उतारा; मेंदूतील ग्राहींवर बसलेल्या द्रव्याला तो तेथून हुसकावतो. गिळल्यास त्याचा बहुतेक अंश यकृतातच नष्ट होतो, म्हणून तो शिरेतून, स्नायूत, त्वचेखाली किंवा नाकातून देतात. यांतला सरस मार्ग ठरवताना औषध रक्तात किती लवकर पोहोचते एवढेच पाहणे चूक आहे. शिरेतून दिल्यास एक-दोन मिनिटांत गुण येतो हे खरे. पण व्हँकुव्हरच्या रुग्णवाहिका पथकांच्या १९९८ मधील अभ्यासात, पथक पोहोचल्यापासून श्वास सुधारेपर्यंत शिरेच्या मार्गाने सरासरी ९.३ मिनिटे लागली आणि त्वचेखालच्या इंजेक्शनाने ९.६. सुया टोचून खराब झालेल्या हातात शीर सापडेपर्यंत तो वेग खर्ची पडतो.

नाकातल्या फवाऱ्यावरचा आक्षेप अधिक वजनदार आहे. मेलबर्नच्या २००५ मधील चाचणीत स्नायूतील इंजेक्शनाने ८२ टक्के रुग्ण आठ मिनिटांत नीट श्वास घेऊ लागले, फवाऱ्याने ६३ टक्के. नॉर्वेतील २०२२ च्या चाचणीतही इंजेक्शनच पुढे राहिले. त्यामुळे प्रशिक्षित हातांनी स्नायूचा मार्ग आधी निवडावा, हे मान्य करायलाच हवे. मात्र मेलबर्नमध्ये दोन मिलिग्रॅम औषध पाच मिलिलिटर द्रवात होते. इतका द्रव नाकात मावत नाही. तिथेच पुढे संहत द्रावण वापरल्यावर अंतर ७८ विरुद्ध ७२ टक्के इतके कमी झाले. शिवाय या चाचण्यांत उतारा होता प्रशिक्षित माणसाच्या हाती. घरात मुलगा निळा पडलेला आईला दिसतो, तेव्हा तिच्यासाठी इंजेक्शन आणि फवारा अशी निवड बहुधा नसतेच. फवारा किंवा काहीच नाही, अशी असते. अमेरिकेत २०२३ पासून चार मिलिग्रॅमचा फवारा चिठ्ठीविना मिळतो, तो याच कारणाने मोलाचा.

मग मात्रा वाढवून उणीव भरून काढावी का? न्यूयॉर्क राज्य पोलिसांनी आठ आणि चार मिलिग्रॅमचे फवारे वापरून पाहिले. वाचणाऱ्यांच्या प्रमाणात फरक पडला नाही, उलट्यांसारखा, नशा एकाएकी तुटल्याने होणारा माघारीचा त्रास मात्र वाढला. मात्रा वाढवण्यापेक्षा तोंडाने श्वास देत राहणे आणि दोन-तीन मिनिटांनी दुसरा फवारा देणे अधिक हिताचे. सुईने नशा करणाऱ्यांच्या, सुई हाताळू शकणाऱ्या सोबत्यांना फवाऱ्याऐवजी नॅलोक्सोनची स्वस्त कुपी व सिरिंजही पुरते. शिकागोत १९९६ पासून ती वाटली गेली. कोणताही मार्ग निवडला तरी उताऱ्याचा अंमल तास-दीड तासात ओसरतो, मेथाडोनसारख्या अफूवर्गीय द्रव्याचा त्याहून जास्त टिकतो. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही एकटे सोडू नये.