तापलेली मोटार आणि तांब्या-पितळेची जाळी

आमच्या दीपनगरात नवा पाहुणा आला, की त्याची नजर आधी जाते ती वीज केंद्राच्या उंच, कमरेत बारीक झालेल्या मनोऱ्यांकडे. “एवढा धूर कसला हो?” असे तो विचारतो. तो धूर नव्हे, ती वाफ. केंद्रातील यंत्रांत फिरून तापलेले पाणी त्या मनोऱ्यात पावसासारखे खाली पडते. खालून वर जाणारी हवा त्याची उष्णता घेऊन जाते आणि निवलेले पाणी पुन्हा कामाला लागते. मी मास्तरकी करीत होतो तेव्हा मुलांना सांगत असे, की मोटारीच्या तोंडाशी जी जाळी असते, ती या मनोऱ्याची धाकटी बहीण. फरक इतकाच, की मनोऱ्यात पाणी आणि हवा एकमेकांना भिडतात, आणि मोटारीत दोघांच्या मध्ये धातूचा पातळ पडदा असतो. या जाळीला आपण रेडिएटर म्हणतो. ती फुटली आणि खिशात पैसा थोडा असला, तर माणसाने काय करावे? या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. तो आज सांगायचा आहे.

पेट्रोलच्या इंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातील ढोबळमानाने एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामी येते. एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली मुख्यत्वे पाण्याला वाहून न्यावी लागते. पाण्याने ते काम केले नाही, तर इंजिनाचे डोके वाकते, दट्टे अडकतात, आणि शंभर रुपयांच्या दुखण्याचे हजारोंचे होऊन बसते.

पहिल्या मोटारींत जाळी नव्हतीच. कार्ल बेंझ या जर्मन कारागिराने १८८६ साली आपल्या तीन चाकी गाडीचे पेटंट घेतले, तेव्हा तीत पाणी उकळून नुसते वाफ होऊन जाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभर किलोमीटरच्या आसपासचा तो प्रवास. वाटेत जागोजागी तिला पाणी भरावे लागले आणि एका औषधाच्या दुकानातून इंधन विकत घ्यावे लागले. ब्रेकला चामडे बसवून दिले ते एका चांभाराने. म्हणजे बघा, मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच वाटेवरच्या कारागिराचा हात गाडीला लागला होता.

पुढे १९०० साली विल्हेल्म मायबाख याने पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार केली. सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना झाळून त्याने ती उभी केली. पाण्याला हवेचा स्पर्श इतका वाढला, की ३५ अश्वशक्तीच्या त्या गाडीला अवघे नऊ लिटर पाणी पुरू लागले. आजची जाळी याच कल्पनेवर चालते.

आता ‘झाळून’ हा शब्द ध्यानात ठेवा. तांब्या-पितळेची जाळी कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने जोडतात. ते मिश्रण साधारण दोनशे ते अडीचशे अंशांत पातळ होते. तांबे वितळायला मात्र हजाराहून अधिक अंश लागतात. म्हणून मूळ धातूला धक्का न लावता जोड सोडवता येतो आणि पुन्हा लावताही येतो. आपल्या गल्लीत येणारा कल्हईवाला आठवा. नवसागर टाकून तो भांड्याचे अंग स्वच्छ करी, मग कथील फिरवी. रेडिएटरवाल्याची युक्ती त्याच जातीची. मोटार परदेशातून आली खरी, पण तिची जाळी आपल्या हाताला ओळखीची निघाली.

ही ओळख फार कामी आली. जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्याला होता. १९५३ साली सरकारने धोरण ठरवले, की ज्यांना सुटे भाग येथे बनवायचे नाहीत त्यांनी नुसती जोडणी चालू ठेवू नये. दुसऱ्याच वर्षी शिवडीचा कारखाना बंद झाला. धोरण देशहिताचे होते. पण ज्यांच्या दारात जुनी परदेशी गाडी उभी होती, त्यांनी भाग आणायचे कोठून? तेव्हा झाळकाम करणाऱ्यांनी त्या गाड्या चालत्या ठेवल्या. पुढे कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि महिंद्रांची जीप या गाड्याही तांब्या-पितळेची जाळी घेऊनच खेड्यापाड्यांत पोचल्या.

आपला खानदेश तर या जाळीची परीक्षाच घेतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा, किंवा धुळ्याजवळचा लळिंग घाट. मालमोटारीच्या पुढे पाण्याची छागळ लटकलेली असे ती उगीच नव्हे.

माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्याकडे एक जुनी, दुसऱ्या हाताची फियाट होती. कन्नडच्या घाटात काटा लाल रेघेवर गेला आणि वाफ निघाली. बरोबरचा पुतण्या झाकण उघडायला धावला. मागून येणाऱ्या एका चालकाने ओरडून त्याला थांबवले, “भो, हात लावू नको! तोंड भाजशील!” ते खरेच होते. झाकण दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सुटले, की तेच पाणी क्षणात उसळते. आम्ही तासभर थांबलो. त्याच भल्या माणसाने धाब्यावरून मूठभर हळद आणून पाण्यात घातली. हळद भोकाशी जाऊन बसली आणि आम्ही घरी पोचलो.

चूक झाली ती पुढे. एका कारखान्यात मला सांगितले, “जाळी गेली, दुसरी बसवा.” भंगारातली एक जाळी स्वस्तात मिळाली आणि माझी जुनी मोडीत गेली. तीन आठवड्यांत गाडी पुन्हा तापली, आणि या वेळी इंजिनाचे डोके वाकले. मग एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्याने आधी पंख्याचा पट्टा बोटाने दाबून पाहिला, तो सैल. झाकणाची कमान पाहिली, ती मेलेली. शेवटी जाळीची टाकी सोडवली. आत विहिरीच्या जड पाण्याचा पांढरा थर साचलेला. चहाच्या किटलीत बसतो तोच. तो म्हणाला, “मास्तर, तुमची पहिली जाळी आणली असती, तर झाळून दिली असती.” नवीन जाळीचे पैसे वाचवायला गेलो, आणि इंजिनाला त्याच्या कितीतरी पट घातले.

त्या कारागिराची रीत अशी. जाळीची तोंडे बंद करायची, हौदात बुडवायची, आत थोडी हवा भरायची. बुडबुडे दिसतील तेथे भोक. सायकलच्या ट्यूबचेच तंत्र. सांधा सुटला असेल तर झाळायचे. नळ्या तुंबल्या असतील तर टाकी सोडवून चपटी सळई फिरवायची. नळ्याच कुजल्या असतील तर जुन्या टाक्या ठेवून मधली जाळी तेवढी नवी बसवायची. ताटी मोडली म्हणून कोणी घर पाडीत नाही, तसेच हे.

१९७० नंतर मात्र गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या हळूहळू आल्या. त्या हलक्या असतात आणि पुष्कळ बनवल्या तर स्वस्त पडतात. परंतु ॲल्युमिनियमच्या अंगावर क्षणात गंजाचा पातळ थर धरतो. साधी झाळ त्याला चिकटत नाही. त्याचे जोड कारखान्याच्या भट्टीत सुमारे सहाशे अंशांवर बसवलेले असतात. प्लास्टिकची टाकी तडकली, की बहुधा सबंध जाळीच बदलावी लागते. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. अशा गाड्या रस्त्यावरून गेल्या, की त्यांच्यावर पोट असलेला झाळकामाचा हातही हळूहळू थांबतो.

तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा. गाडी पूर्ण निवू द्यावी. झाकण, रबरी नळ्या, पट्टा, पंखा आणि थर्मोस्टॅट आधी तपासावेत. इंजिन चालू असताना पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर दोष जाळीत नसून डोक्याच्या गॅस्केटमध्ये असू शकतो. जाळी पितळी असेल, तर मोडीत देण्यापूर्वी कारागिराला दाखवावी. पत्र्याच्या झालरी हातात चुरा होत असतील, तर मात्र तिचा मोह सोडावा. जुनी जाळी विकत घ्यायचीच असेल, तर हौदात बुडवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. नवी बसवताना इंजिनातला गाळ धुऊन काढावा, झाकण आणि नळ्याही नव्या घालाव्यात, आणि विहिरीच्या पाण्याऐवजी शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट भरावे. हळद घरी पोचण्यापुरती. नंतर तीच नळ्या तुंबवते. आणि काढलेले जुने कूलंट उघड्यावर टाकू नका. ते चवीला गोड पण विषारी असते. गुरे आणि कुत्री ते पितात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. तुमच्या गावाजवळ असा कारागीर अजून असेल, तर एकदा वर्ग घेऊन तेथे जा. उष्णतेचे वहन, दाब आणि उत्कलनबिंदू, धातूंचे मिश्रण, हे चार धडे मुले एका हौदाशी उभी राहून शिकतील. आणि घरी जाऊन बापाला विचारतील, “बाबा, आपली वस्तू बिघडली तर उघडता येते का?” पुढची वस्तू घेताना हा प्रश्न विचारला गेला, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.