अस्वलाचें घर

मुंबईपासून सुमारें ३५ मैलांवर, खालापूरजवळच्या हाळ या खेड्यांत १९७७ सालीं एका अमेरिकन बोलपटाचें चित्रण झालें. पटांत तें स्थळ हिमालयाच्या पायथ्याचें धर्मशाळा म्हणून दाखविलें आहे. भाविकांचा मोठा समुदाय पांच स्वरांची एक धून गात असतो. हे स्वर कोठून आले, असें विचारतांच सारे हात एकदम आकाशाकडे उठतात. हा बोलपट म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्ग यांची 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' ही विज्ञानकथा. परलोकींचें विमान तींत अखेरीस ज्या खडकापाशीं उतरतें, तो मात्र कल्पित नव्हे. त्याचा इतिहास कथेहून फार जुना आहे.

अमेरिकेच्या वायोमिंग संस्थानांत बेल फूर्श नदीच्या कांठीं हा खडक पायथ्यापासून ८६७ फूट सरळ उभा आहे. सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील तप्त शिलारस येथें थिजला. निवतांना तो आकसला, त्यास उभ्या चिरा पडल्या आणि त्याचे बहुकोनी स्तंभ बनले. पुढें भोंवतालचा मृदु खडक पाण्यानें झिजून गेला व हा कठीण गाभा उघडा राहिला.

भूगर्भशास्त्राचें हें उत्तर मिळण्यापूर्वींच तेथील मूळ रहिवाशांनीं त्या चिरांचा अर्थ लाविला होता. लकोटा लोक या खडकास 'माटो टिपिला', म्हणजे अस्वलाचें घर, म्हणतात. शायेन, क्रो, किओवा या जमातींसही तो पूज्य आहे. किओवांची कथा अशी कीं, आठ भावंडें खेळत असतां भावाचें एकाएकीं अस्वल झालें व तें सात बहिणींच्या पाठीस लागलें. एका झाडाच्या बुंध्यानें बहिणींस आपल्यावर चढविलें आणि तो उंच उंच वाढूं लागला. अस्वलाच्या नख्यांचे ओरखडे त्याच्या अंगावर तेवढे राहिले. बहिणी आकाशांत पोहोंचून तारे झाल्या. तेच आपले सप्तर्षि. सप्तर्षींस पूर्वीं 'ऋक्ष' म्हणत, असें शतपथ ब्राह्मणांत सांगितलें आहे, आणि ऋक्ष म्हणजे अस्वल. हें ध्यानांत घेतलें म्हणजे किओवांची कथा आपणांस तितकीशी परकी वाटत नाहीं.

१८६८ सालच्या फोर्ट लॅरमीच्या तहानें या मुलुखांत मूळ रहिवाशांच्या संमतीवांचून गोऱ्यांनीं वसाहत करूं नये, असें ठरलें होतें. परंतु १८७४ सालीं जवळच्या ब्लॅक हिल्स डोंगरांत सोनें सांपडलें आणि तहाचें मोल उतरलें. पुढल्याच वर्षीं सरकारी पाहणीपथक आलें. त्याच्या लष्करी रक्षकदलाचा प्रमुख कर्नल रिचर्ड डॉज यानें या खडकाचें मूळ नांव 'दुष्ट देवाचा मनोरा' अशा अर्थाचें असल्याचें लिहून त्याचें 'डेव्हिल्स टॉवर', म्हणजे सैतानाचा मनोरा, केलें. ज्यांचें तें देवस्थान, त्यांच्याच माथीं सैतान मारला गेला! १८७७ सालीं कायदा करून तो मुलूख सरकारनें घेतला. १९०६ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं या खडकास देशाचें पहिलें राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केलें, तें सैतानाच्या नांवासह.

१८७७ च्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं हा बोलपट पडद्यावर आला. त्याचा नायक वीजखात्यांतील एक साधा कामगार. खडकाची आकृति त्याच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. ताटांतल्या बटाट्याच्या लगद्याचाही तो डोंगर करतो. विषारी वायु पसरल्याची खोटी आवई उठवून सरकार तो प्रदेश रिकामा करवितें, तरी पहारा चुकवून तो तेथें पोहोंचतोच. देवभूमीकडे ओढल्या जाणाऱ्या आणि अधिकाऱ्यांनीं अडविलेल्या माणसाविषयीं प्रेक्षकांस सहानुभूति वाटावी, अशीच ही रचना आहे. पण त्याच भूमीवरून ज्यांस खरोखर हुसकून लाविलें, त्यांची कथा पटांत येत नाहीं. आकाशाकडे उठणारे भाविक हात हाळ गांवीं टिपले गेले. खडकाच्या पायथ्याशीं पिढ्यान् पिढ्या जोडलेले हात टिपले गेले नाहींत.

ते हात तेथें आजही आहेत. पायथ्याच्या झाडांस प्रार्थनेचीं रंगीत वस्त्रें बांधलेलीं दिसतात. जून महिना त्यांच्या विधींचा. म्हणून १९९५ पासून त्या महिन्यांत खडकावर कोणीं चढूं नये, अशी विनंती स्मारकाचे अधिकारी गिर्यारोहकांस करतात. ती केवळ विनंती आहे, मनाई नव्हे. तरी बहुतेक गिर्यारोहक ती मानतात. 'अस्वलाचें घर' हें नांव परत मिळावें, असा अर्ज लकोटांच्या वतीनें २०१४ सालीं सरकारकडे गेला. सरकारी नकाशावर मात्र अद्याप सैतानच आहे.