जपानी मॅपलचं बोन्साय: खोडाची साल गोल सोलूनही झाड मरत का नाही?

बोन्सायचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. हातभर उंचीचं, लालचुटूक पानांचं मॅपल आणि धारदार चाकूनं त्याच्या खोडाची साल गोल सोलून काढणारे हात. खाली कॉमेंटमध्ये ठरलेला प्रश्न असतो: आता हे झाड मरणार ना?

प्रश्न रास्त आहे. खोडाभोवती सालीचं पूर्ण कडं काढलं की झाड हळूहळू वाळतं. नको असलेलं झाड मारायची ती जुनी रीतच आहे. तरीही बोन्साय करणारे मुद्दाम हेच करतात, कारण सोललेल्या जागेच्या वर त्यांना नवी मुळं हवी असतात. जपानीत या पद्धतीला ‘तोरिकी’ म्हणतात. मराठीत तिला नाव शोधायची गरज नाही, ही आपली गुटी. महाराष्ट्रात डाळिंबाची रोपं याच पद्धतीनं तयार होतात. फरक एवढाच, की डाळिंबाची गुटी पेन्सिलीएवढ्या फांदीवर बांधतात आणि बोन्सायवाले ती मनगटाएवढ्या खोडावर बांधायलाही कचरत नाहीत.

मॅपललाच गुटी का?

जपानी मॅपलचं शास्त्रीय नाव एसर पाल्माटम. पान पसरलेल्या पंजासारखं दिसतं, म्हणून पाल्माटम. कार्ल पेटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७८४ मध्ये हे नाव दिलं. जपानी लोक त्याला ‘मोमिजी’ म्हणतात.

‘देशोजो’सारख्या वसंतात लाल पालवी फुटणाऱ्या निवडक जाती बियांपासून जशाच्या तशा येत नाहीत. म्हणून रोपवाटिकांमध्ये त्या बहुतेक वेळा साध्या मॅपलच्या रोपावर कलम करून वाढवतात. बागेत हे चालून जातं. बोन्सायमध्ये मात्र नजर आधी बुंध्याकडे जाते आणि तिथेच कलमाच्या जोडाचा फुगवटा दिसतो. खालची साल एका पोताची, वरची दुसऱ्या. हा दोष छाटणीनं जात नाही. जोडाच्या वर गुटी बांधून झाड स्वतःच्या मुळांवर आणलं, की तो कायमचा सुटतो.

दुसरं कारण ‘नेबारी’. खोडाच्या पायथ्याशी चारी बाजूंना पसरलेल्या, मातीवर अर्धवट दिसणाऱ्या मुळांना जपानीत नेबारी म्हणतात. मॅपलच्या बोन्सायची निम्मी किंमत तिथे ठरते, असं म्हटलं तरी फार चूक होणार नाही. गुटीतून येणारी मुळं एकाच पातळीत, खोडाभोवती गोल फुटतात. बियाण्याच्या रोपात अशी मांडणी मिळवायला अनेक वर्षं मुळं छाटत बसावं लागतं.

सालीखाली काय घडतं?

मुळांनी शोषलेलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं. पानांनी तयार केलेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते. या दोन्हींच्या मधे कॅम्बियम नावाचा अगदी पातळ, ओलसर थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल तयार करत राहतो.

साल सोलली तरी लाकूड शाबूत असतं, त्यामुळे पानांना पाणी मिळत राहतं. अडतो तो खाली जाणारा माल. साखर आणि शेंड्याकडून येणारं ऑक्सिन हे संजीवक कापाच्या वरच्या कडेला साचतं. तिथे आधी कॅलस, म्हणजे पेशींचा फुगीर गोळा तयार होतो. ओलावा आणि अंधार मिळाला, की तिथून मुळं फुटतात. म्हणून वरचा काप स्वच्छ आणि धारदार हवा. नेबारी त्याच रेषेवर बसणार असते.

काम कसं करतात?

जपानात वसंतातली पालवी पक्की झाल्यावर, साधारण मेअखेर ते जूनमध्ये गुटी बांधतात. कोवळ्या पानांनी साठा संपवलेला असतो. पानं पक्की झाली की ती कमावू लागतात. शिवाय जूनमध्ये तिथला पावसाळी हंगाम सुरू होतो आणि हवा दमट असते.

सालीचं कडं खोडाच्या जाडीच्या दीडपट रुंद ठेवतात. खोड ४ सेंटिमीटर असेल, तर कडं ६ सेंटिमीटरचं. साल निघाल्यावर उघडं लाकूड चाकूनं खरवडून कॅम्बियमचा बुळबुळीत थर पूर्ण काढतात. मग वरच्या कडेला मूळ फुटण्याचं संजीवक लावतात, भिजवून पिळलेलं स्फॅग्नम शेवाळ घट्ट बांधतात आणि त्यावर प्लास्टिक गुंडाळतात. शेवाळ कोरडं पडलं की सगळंच वाया, म्हणून वरून पाणी घालायला तोंड मोकळं ठेवतात.

बहुतेक गुट्या फसतात त्या खरवडण्यात. कॅम्बियमची एखादी बारीक पट्टी राहिली, तर झाड तिच्यावरून सालीचा पूल बांधतं. साखर पुन्हा खाली वाहू लागते आणि मुळं फोडायचं कारणच उरत नाही. वरून झाड टवटवीत दिसतं. मालक खूश असतो आणि तीन महिन्यांनी प्लास्टिक सोडल्यावर आत फक्त भरून आलेली जखम सापडते.

सगळं जमलं, तर दोन-तीन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. घाई करायची नाही. मुळं तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटल्यावरच खोड मुळांच्या खालून कापतात. ही मुळं काचेसारखी तुटतात, त्यामुळे शेवाळ ओरबाडून काढत नाहीत. झाड कुंडीत हलणार नाही असं बांधून, पसरट भांड्यात लावतात. खालचा बुंधाही जगवायचा असेल, तर कड्याच्या खाली एखादी पानांची फांदी आधीपासून राखावी लागते. नाहीतर त्याची मुळं उपाशी राहतात.

फांदी कापल्याची जखम

गुटीत जो कॅलस हवाहवासा, तोच फांदी कापल्यावर जखम झाकतो. पण ‘भरून येणं’ हा शब्द इथे फसवा आहे. आपली त्वचा खराब पेशींच्या जागी नव्या पेशी आणते. झाड तसं करत नाही. जखमी लाकूड आत तसंच राहतं, झाड त्याच्याभोवती रासायनिक भिंती उभ्या करून कूज कोंडून टाकतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकी वनसेवेतले वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये ही कप्पेबंदीची कल्पना सविस्तर मांडली. जखमेवर रंग किंवा डांबर फासून कूज थांबत नाही, हेही त्यांनी ठासून सांगितलं.

मग बोन्सायवाले जखमेवर पेस्ट का लावतात? कडेचं कॅम्बियम सुकू नये म्हणून. मॅपलची साल पातळ असते आणि कड सुकली की जखम आणखी मोठी होते. काप किंचित खोलगट घेतात, म्हणजे कॅलस वर चढल्यावर टेंगूळ न येता खोड सपाट दिसतं.

जखम किती लवकर झाकेल हे पेस्टवर नाही, वाढीवर ठरतं. जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत, जखमेच्या वरची एखादी फांदी मोकाट वाढू दिली, तर कॅलस भराभर सरकतो. उथळ बोन्साय-कुंडीत गेलेल्या, सतत छाटल्या जाणाऱ्या झाडावर तीच जखम वर्षानुवर्षं उघडी राहते. कॅलस थबकला, तर त्याची कड चाकूनं हलकी ताजी करतात. ज्युनिपरवर सुकं, पांढरं लाकूड मुद्दाम मिरवतात. मॅपलला ती सवलत नाही. त्याचं लाकूड लवकर कुजतं, म्हणून मोठे काप आधी उरकून, जखमा मिटल्यावरच झाड छोट्या कुंडीत नेणं शहाणपणाचं.

महाराष्ट्रात जमेल का?

जपानी मॅपलला हिवाळ्यात पानं गाळून खरी थंडी लागते आणि उन्हाळ्यातला कोरडा, तापलेला वारा त्याची पानं करपवतो. पुण्या-मुंबईत ते टिकवणं कठीण. ऑनलाइन विकलं जाणारं निळ्या पानांच्या मॅपलचं बी तर निव्वळ फसवणूक. असं झाडच नाही, फोटो रंगवलेले असतात.

हात बसवायला उंबर, वड किंवा डाळिंब घ्यावं. जूनचा पाऊस लागला की गुटी बांधायची. कडं, खरवडणं, शेवाळ, प्लास्टिक, सगळं तेच. वड-उंबराचा चीक मात्र आधी पुसून घ्यावा लागतो आणि तो कपड्यावर पडला तर डाग जात नाही.