औंधच्या राजाचे सूर्यनमस्कार आणि आटपाडीची भाकरी

एसटीत इअरफोन विसरणाऱ्यांसाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथं अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्या हातातल्या फोनमध्येच आहे. फिटनेसचं कुठलंही ॲप उघडा, त्यात सूर्यनमस्कार असणारच. बारा आकडे, एक टायमर आणि खाली एक ओळ, की ही हजारो वर्षांची परंपरा आहे. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे समोर काही आलं की त्याचं मागचं व्हर्जन शोधायची खोड आहे. सूर्याला नमस्कार घालणं जुनं आहेच, आणि तालमीतले जोर-बैठकाही जुन्या. पण शाळेच्या पटांगणात रांगेत उभं राहून, आकड्यांवर, मुलामुलींनी रोज करायचा व्यायाम म्हणून सूर्यनमस्कार? ते व्हर्जन शोधत गेलं की माणूस औंध संस्थानात पोचतो. आणि आपली आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती.

हे आटपाडीतल्याही बऱ्याच पोरांना माहीत नसतं, म्हणून आधी जरा नकाशा समजून घेऊ. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. संस्थान छोटं, ७२ गावांचं, आणि तेही सलग नाही. मध्येमध्ये इंग्रजांचा मुलूख, दुसऱ्या संस्थानांची गावं. औंध, आटपाडी, कुंडल आणि खाली विजापूरकडे गुणदाळ, असे चार तुकडे तालुके म्हणून धरलेले. म्हणजे आटपाडीच्या माणसाला आपल्या राजाच्या गावी जायचं तर मध्ये दुसऱ्याचं राज्य ओलांडावं लागायचं. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि आटपाडी आधी दक्षिण सातारा, मग सांगली जिल्ह्यात आली.

राजाचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. जन्म १८६८चा, गादीवर आले १९०९ साली. लोक बाळासाहेब म्हणत. माणूस एकदम वेगळा. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, औंधला त्यांनी उभं केलेलं म्युझियम आजही बघण्यासारखं आहे. आणि व्यायामाचं तर वेडच.

गंमत म्हणजे सुरुवात सूर्यनमस्कारानं झालीच नाही. सुरुवात झाली युजेन सँडोनं. हा तेव्हाचा जगप्रसिद्ध बॉडीबिल्डर. त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं पोस्टानं जगभर जायची. आजच्या भाषेत, इन्फ्लुएन्सर आणि त्याचा ऑनलाइन कोर्स. बाळासाहेबांनी १८९७ साली ते सगळं सामान विकत घेतलं आणि दहा वर्षं नेमानं व्यायाम केला. मग १९०८च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आग्रहानं ते सूर्यनमस्काराकडे वळले, ते कायमचे.

आता ते १८९७ साल जरा थांबून बघा. १८९६-९७ हा दख्खनेतला मोठा दुष्काळ. एकीकडे राजपुत्राच्या वाड्यात छाती किती इंच वाढली ते मोजायची साधनं येतायत, आणि दुसरीकडे त्याच मुलुखात माणसं दुष्काळी कामावर खडी फोडतायत. यात राजाला दोष द्यायचा नाहीये मला. पण व्यायामाचा इतिहास सांगताना पोटाचा इतिहास बाजूला पडतो, आणि माणदेशात राहून तसं करता येत नाही.

बरं, राजानं केलं काय? स्वतः रोज नमस्कार घातले, राणीसाहेबांना, मुलांना घालायला लावले, आणि मग संस्थानातल्या सगळ्या शाळांत ते सक्तीचे केले. हो, सक्तीचे. मुलींनाही. त्या काळात मुलींनी व्यायाम करावा असं एखादा संस्थानिक उघड सांगतो, पुस्तकात लिहितो, हे माझ्या मते त्यांचं सगळ्यात धाडसाचं काम. औंधलाच पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर राहायचे. त्यांच्या स्वाध्याय मंडळाचं मराठी मासिक ‘पुरुषार्थ’ आसनं आणि नमस्कार घराघरांत पोचवत होतं. म्हणजे राजाज्ञा एका बाजूनं आणि छापखाना दुसऱ्या बाजूनं.

इंजिनिअर म्हणून मला यातली निवड फार आवडते. औंधसारख्या छोट्या संस्थानानं प्रत्येक शाळेत व्यायामशाळा बांधायची म्हटली असती तर तिजोरी रिकामी झाली असती. सूर्यनमस्काराला साधन लागत नाही. एक माणूस आडवा होईल एवढी जागा, थोडा वेळ, आणि मोजणारा एक मास्तर. सगळ्यात स्वस्त हँडसेटवरही अडकणार नाही असं ॲप! सँडोचे डंबेल्स आटपाडीच्या शाळेत कधीच पोचले नसते. नमस्कार पोचले.

आणि तिथून ते परदेशीही गेले. १९३६ साली राजेसाहेब इंग्लंडला गेले तेव्हा ते सुमारे ६८ वर्षांचे होते. त्यांची तब्येत बघून लुईस मॉर्गन नावाची पत्रकार चकित झाली, तिनं त्यांच्या व्यायामावर लिहिलं, आणि तिच्याच संपादनाखाली १९३८ साली लंडनमधून ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक निघालं. टेन-पॉइंट म्हणजे नमस्काराच्या दहा स्थिती. पुढे राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, जे भारताचे राजदूत झाले, त्यांनीही सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आज लंडनच्या योगा स्टुडिओत जो सन सॅल्युटेशन करतात, त्याच्या वंशावळीत औंध आहे हे अभ्यासक मान्य करतात.

राजांच्या लिखाणात आहारही आहे. कोंड्यासकट धान्य खा, पॉलिश केलेला तांदूळ नको, कच्च्या भाज्या खा, चहा-तंबाखूपासून लांब राहा, अशा वळणाचा सल्ला. लंडनच्या किंवा पुण्याच्या वाचकाला तो उपयोगी असेल. पण हाच सल्ला आटपाडीत वाचून बघा. इथं पॉलिशचा तांदूळ होताच कुणाकडे? बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकी, रानातली भाजी, धनगरवाड्यात मेंढीचं दूध. डाएटिशियन आज पैसे घेऊन जे सांगतात ते ताट इथं होतं. प्रश्न ताटात काय आहे हा नव्हताच, ताटात किती आहे हा होता.

याचे दोन साक्षीदार आपल्याच तालुक्यानं दिलेत, आणि दोघंही लेखक.

पहिले व्यंकटेश माडगूळकर, जन्म १९२७, गाव माडगुळे. त्यांची ‘बनगरवाडी’ तुम्ही वाचली नसेल तर निदान अमोल पालेकरांचा १९९५चा सिनेमा बघा. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. हळूहळू लोकांचा होतो. मग त्याच्या मनात येतं, वाडीला तालीम पाहिजे. सरकारी निधी नाही, काही नाही. लोकच दगड-माती वाहतात, लाकूड आणतात, आणि तालीम उभी राहते. उद्घाटनाला खुद्द राजे येतात. हा आपला राजा, औंधचाच. आजच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या भाषेत ‘लोकसहभागातून युवकांसाठी व्यायाम केंद्र’ म्हणतात, ते कादंबरीत इतकं जिवंत आलंय की वाचताना आपणही दोन दगड उचलावेसे वाटतात.

पण माडगूळकर तिथं थांबत नाहीत. पुढे दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी रिकामी होत जाते. तालीम आहे, घुमायला पोरं नाहीत. कादंबरी आहे, मान्य. पण माणदेशात कधी पाऊस चुकला नाही असं म्हणणारा म्हातारा मला अजून भेटायचाय.

दुसरे साक्षीदार शंकरराव खरात, जन्म १९२१, आटपाडीच्या महारवाड्यातले. पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचं आत्मचरित्र ‘तराळ-अंतराळ’. तराळकी म्हणजे गावकीची राबणूक. सरकारी निरोप पोचवायचे, दवंडी द्यायची, आणि मोबदल्यात बलुतं आणि घरोघर मागून आणलेली भाकरी. शाळेत सूर्यनमस्काराचा आकडा सगळ्या पोरांसाठी एकच असेल, पण कोण काय खाऊन आलंय हे जात आणि जमीन ठरवत होती. माझं राजाबद्दलचं कौतुक इथं येऊन थोडं अडतं. अडायलाच पाहिजे.

तरी राजाला फक्त कवायतीचा राजा म्हणणं अन्याय होईल. १९३९ साली त्यांनी, गांधीजींच्या सल्ल्यानं, कारभार लोकांच्या हातात दिला. गावोगाव निवडलेल्या पंचायती, सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण. ‘औंधचा प्रयोग’ म्हणून तो इतिहासात आहे. तंदुरुस्त शरीर, शिकलेलं पोर आणि स्वतःचा कारभार स्वतः करणारं गाव, हे सगळं त्यांच्या डोक्यात एकच होतं असं मला वाटतं. त्यातला खाण्याचा भाग मात्र उपदेशाच्या पुढे गेलेला मला कुठं वाचायला मिळाला नाही. शाळेत पोराच्या हातात जेवण देणं ही आपल्याकडे फार उशिराची गोष्ट. देशपातळीवर पोषण आहार १९९५ला आला, तोही बऱ्याच राज्यांत कोरडं धान्य म्हणून. शिजवलेलं गरम अन्न द्या असं सर्वोच्च न्यायालयाला २००१ साली सांगावं लागलं, आणि मग आपल्या शाळेत खिचडीचं पातेलं चढलं.

आता आजचं बोलू. पहाटे आटपाडीच्या कुठल्याही रस्त्यावर जा, पोरं पळताना दिसतील. कशासाठी? भरतीसाठी. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. तालुक्यातला सगळ्यात मोठा व्यायामाचा कार्यक्रम सरकारनं आखलेला नाही, नोकरीच्या जाहिरातीनं आखलाय. आणि गोळाफेकीचा विषय निघालाच आहे तर करगणीचे सचिन खिलारी. २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक. करगणी म्हणजे आपल्याच तालुक्यात, लांब नाही!

ताटही बदललं. टेंभूचं पाणी आलं, डाळिंब आलं, ऊस आला. बाजरी मागे पडली, आणि शाळेच्या बाहेर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकायला लागल्या. २०२३ साली जगानं भरडधान्य वर्ष साजरं केलं तेव्हा पुण्याच्या मॉलमध्ये बाजरीची बिस्किटं विकायला होती, आणि गावाकडं माझी चुलतभावंडं त्याच पाकिटांवर दुपार काढत होती. आजी म्हणते, तुमच्या पोटात भाकरी नाही, नुसता खाऊ आहे. मी तिला बाजरीच्या बिस्किटाची किंमत सांगितली नाही.

माझ्या शाळेतही शनिवारी सकाळी नमस्कार असायचे. गुरुजी आकडे म्हणायचे, आम्ही मधले दोन चोरायचो. पण शनिवारी शाळा सुटताना खिचडी मिळायची, आणि ती कुणी चोरत नव्हतं, दुसऱ्यांदा मागत होतं.

तुमच्या घरात कुणी संस्थानच्या काळातली शाळा शिकलेलं असेल तर त्यांना दोन गोष्टी विचारा: नमस्कार किती घालायला लागायचे, आणि डब्यात काय असायचं. उत्तर फोनवर रेकॉर्ड करा आणि पाठवा, पण त्यांची परवानगी घेऊन. पुढच्या भागात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊ, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून १९३९ साली उभ्या राहिलेल्या, भिंती नसलेल्या तुरुंगात. ‘दो आँखें बारह हाथ’ तेवढ्यात बघून ठेवा. भेटू.