‘सदर’ शब्द व नागपूरचे जुने कागद

नागपुरांत ‘सदर’ ही वस्ती प्रसिद्ध असल्यामुळें जुन्या कागदांतील त्या शब्दाचा अर्थ लावतांना चूक संभवते. ‘सद्र’ हा मूळ अरबी शब्द. अर्थ छाती, त्यावरून अग्रस्थान. मराठींत वाड्याची सदर म्हणजे धन्याची बैठक. ‘सदरहू’ म्हणजे उपरोक्त. छावणीच्या मुख्य बाजारास ‘सदर बाजार’ म्हणणें हा इंग्रजी अमलांतील प्रघात. सीताबर्डीची लढाई १८१७ सालची. तत्पूर्वींच्या भोसल्यांच्या पत्रांत ‘सदरेस’ आढळल्यास वस्ती न समजतां बैठक समजावी, असें आम्हांस वाटतें.

लोकवाचक नांवांचेंही तसेंच. हेच भोसले आधीं हिंगणीकर, पुढें नागपूरकर. तेव्हां ‘कर’ प्रत्ययावरून मूळ गांव ठरविण्यापूर्वीं कागदाची मिति पाहावी.