सरबत, सिरप आणि शराब

तीन शब्द घ्या. सरबत, सिरप आणि शराब. पहिला आपल्या उन्हाळ्यातला, दुसरा खोकल्याच्या बाटलीवरचा आणि तिसरा घरात जरा हळूच उच्चारायचा. गंमत म्हणजे तिघंही एकाच घरातली भावंडं. ‘पिणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून निघालेली. दोघं फारसीचं बोट धरून आपल्याकडे आली, तिसरं लॅटिनमधून युरोपात गेलं आणि ‘सिरप’ झालं. फळं वाइनमध्ये शिजवून गोड सॉस करायला घेतला की ही भावंडं एकाच पातेल्यात भेटतात.

या सॉसची एक जुनी कृती सुमारे 1390 सालची आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी पाककृतींचा एक संग्रह केला. 1780 साली सॅम्युएल पेग यांनी तो छापला तेव्हा त्याला ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ असं नाव दिलं. क्युरी म्हणजे तेव्हाच्या इंग्रजीत स्वयंपाक. आपल्या ‘करी’शी त्याचा संबंध नाही!

कृती थोडक्यात अशी : नासपती सोलायच्या, रेड वाइनमध्ये तुती किंवा रक्तचंदन घालून शिजवायच्या आणि बाहेर काढायच्या. मग गोड ग्रीक किंवा इटालियन वाइनमध्ये साखर आणि सुंठपूड घालून सिरप करायचं, त्यात त्या नासपती पुन्हा थोड्या शिजवायच्या आणि वाढायच्या.

यातलं रक्तचंदन वाचून मी थबकले. आपण सहाणेवर उगाळून सुजेवर लावतो तेच! हे झाड मूळचं आंध्रातल्या पूर्व घाटातलं. म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या ताटातला लाल रंग आपल्याकडच्या डोंगरातून निघून, समुद्र ओलांडून तिथे पोचायचा. सुंठही पूर्वेकडूनच जायची. साखर सायप्रस, सिसिलीकडून येत असे, पण तिचं नाव मात्र ‘शर्करा’चंच, वाटेत फारसी आणि अरबी वळणं घेतलेलं. त्या काळी तिथे साखर मसाल्यांत मोजली जाई, आणि तशीच महागही असे.

पण फळात वाइन का? निव्वळ चैन म्हणून नव्हे. हा संग्रह दरबारातल्या वैद्यांच्या आणि पंडितांच्या संमतीने केला, असं त्याच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे. कच्चं फळ थंड आणि बाधक, असं तेव्हाचं युरोपी वैद्यक मानत असे. नासपती वाइनशिवाय खाल्ली तर विषासमान, असं सालेर्नोच्या आरोग्यनियमांत सांगितलेलं आहे. वाइन उष्ण, सुंठ उष्ण, म्हणून थंड नासपती त्यांच्यात शिजवायची. ‘थंड-उष्ण’ ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडचं द्राक्षासव तरी काय? द्राक्षं किंवा मनुका आंबवून केलेलं औषध. त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं आणि बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. पण ते कपाटात देवाच्या तसबिरीखालीसुद्धा ठेवतात, कारण ते ‘औषध’!

घरी करायचं तर सोपं आहे. अर्धा लिटर साधी नाशिकची रेड वाइन आणि वाटीभर तुती स्टीलच्या पातेल्यात घ्या (महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीबरोबर तुतीही मिळते). अॅल्युमिनियमचं पातेलं नको, वाइन आंबट असते. दहा मिनिटं मंद उकळून तुती ठेचा आणि गाळा. त्यात 100 ग्रॅम साखर, थोडी सुंठ, दालचिनीचा तुकडा आणि सोललेल्या चार नासपती घाला. 20-25 मिनिटांनी सुरी सहज शिरली की फळं काढून घ्या आणि उरलेला रस साधारण एक तृतीयांश होईपर्यंत आटवा. एकतारी पाक होऊ देऊ नका; गार झाल्यावर तो आणखी दाटतो. नासपतीवर छानच, व्हॅनिला आइस्क्रीमवरही.

आता खरा प्रश्न. हे वाढताना कोणीतरी विचारतंच, “शिजवल्यावर त्यातली दारू उडून जाते ना?” आणि आपणही पटकन “हो हो, सगळी!” म्हणून मोकळे होतो. तसं नसतं. 1992 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पदार्थात मिसळून पंधरा मिनिटं मंद शिजवल्यावर सुमारे 40 टक्के अल्कोहोल उरलेलं आढळलं, तासाभराने 25 टक्के आणि अडीच तासांनी 5 टक्के. पातेलं पसरट असेल, रस खूप आटवला असेल तर आणखी कमी, पण शून्य नाही.

ज्यांना श्रद्धेमुळे, औषधांमुळे किंवा महत्प्रयासाने सोडलेल्या व्यसनामुळे एक थेंबही चालत नाही, त्यांच्यासाठी हा फरक किरकोळ नसतो. त्यांचा विश्वास आपल्या एका “हो हो”वर टांगलेला असतो. रिचर्डच्या आचाऱ्यांनी वाइन लपवली नाही. तिच्याच जोरावर पदार्थ पथ्याचा ठरवला. आज त्यातली साखर मधुमेह्याला नको आणि वाइन आणखी कोणाला. काळ बदलला की औषध आणि अपथ्य जागा बदलतात. करणाऱ्याचं काम तेवढं तेच राहतं : पातेल्यात काय आहे ते सांगणं.

मी हल्ली दोन पातेली ठेवते. दुसऱ्यात वाइनऐवजी पाणी, जरा जास्त तुती आणि लिंबाचा रस. म्हणजे एकीकडे शराबवालं सिरप आणि दुसरीकडे सरबतवालं. शेवटी भावंडंच ती, पंगतीत कोणाला वगळायचं?