पडद्याच्या ऑपरेशननंतरचे पडून राहणे

डोळ्याच्या पडद्याचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर थेंबांच्या वेळा सांगतात आणि त्याबरोबर पडून राहण्याची एक रीतही सांगतात. कुणाला मान खाली घालून बसायचे असते, कुणाला पालथे झोपायचे असते, तर कुणाला डाव्या किंवा उजव्या कुशीवरच राहायचे असते. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरसारख्या गावात ऑपरेशन होत नाही, पण ही रीत पाळली जाते ती तिथल्याच घरात, चटईवर किंवा बाजेवर. उपचाराचा हा अर्धा भाग घरच्यांच्या हातात असतो. त्याला मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात पडून राहण्याचा हेतूच बदलत गेला आहे.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने कसे असावे याचे भारतातले सर्वांत जुने सविस्तर वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. तिथे ते मोतिबिंदूच्या संदर्भात येते. शलाकेने भिंग बाजूला सारल्यावर डोळ्यावर तूप सोडून पट्टी बांधावी आणि रुग्णाला धूळ व धूर नसलेल्या खोलीत उताणे निजवावे, असे सुश्रुत सांगतो. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे आणि अंगाची थरथर त्या काळात टाळायची. दर तिसऱ्या दिवशी पट्टी सोडायची आणि दहा दिवस पथ्य सांभाळायचे. या प्रत्येक सूचनेमागे एकच भीती आहे. धक्का बसला तर सारलेले भिंग पुन्हा वर येईल किंवा डोळ्यात रक्त उतरेल. पुढे हीच क्रिया गावोगाव फिरणाऱ्या सुईवाल्यांच्या हाती गेली. पट्टी बांधून ते पुढच्या गावाला निघून जात, त्यामुळे नंतरच्या काळजीचा भाग जवळजवळ गळून पडला. मद्रासचे नेत्रशल्यचिकित्सक रॉबर्ट एलियट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अशा रुग्णांचा अभ्यास करून पुस्तक लिहिले. त्यात गमावलेल्या डोळ्यांची संख्या मोठी आहे.

नव्या पद्धतीच्या मोतिबिंदू ऑपरेशनातही उताणे पडून राहणे टिकले. अख्खे भिंग बाहेर काढण्यासाठी बुबुळाच्या जवळजवळ अर्ध्या घेराएवढी चीर द्यावी लागे आणि बराच काळ ती टाक्यांवाचून किंवा मोजक्या टाक्यांवर सोडली जाई. जोराचा खोकला आला तर डोळ्यातला पारदर्शक गर चिरेतून बाहेर येण्याचा धोका असे. म्हणून दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि चमच्याने भरवलेली पेज, असे दिवस काढावे लागत. कर्नाटकातल्या बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी यांनी गावोगाव शिबिरे भरवून एका दिवसात शेकडो मोतिबिंदू काढले. त्या काळात शाळा आणि मंगल कार्यालयांतून रुग्णांच्या रांगा अशाच उताण्या पडलेल्या असत. बारीक टाके आले, मग लहान चिरेतून भिंग फोडून काढण्याची रीत आली, आणि आता मोतिबिंदूचा रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. जुन्या माणसांच्या मनातून मात्र ती वाळूची पिशवी गेलेली नाही. पडद्याच्या रुग्णालाही ती माणसे उताणे झोपायला सांगतात, आणि बहुतेक वेळा नेमके तेच चुकीचे ठरते.

पडद्याचा आजार वेगळा आहे. दृष्टिपटल हा डोळ्याच्या आतून अस्तरासारखा चिकटलेला पातळ थर असतो. त्याला छिद्र पडले की आतले पाणी छिद्रातून त्याच्यामागे शिरते आणि थर भिंतीपासून सुटू लागतो. रुग्णाला आधी काळे ठिपके आणि विजेसारखी चमक दिसते, मग एका बाजूने अंधार सरकत येतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र बनवल्यावर हा सुटलेला पडदा जिवंत माणसात दिसू लागला, पण त्यावर इलाज सापडायला आणखी सत्तर वर्षे लागली. मधल्या काळात पडून राहणे हाच इलाज होता. आठवडेच्या आठवडे डोळे बांधून रुग्णाला निश्चल ठेवत. पडदा काही वेळा थोडा बसे आणि माणूस उठला की पुन्हा सुटे. लोझानचे ज्यूल गोनँ यांनी छिद्र हेच मूळ कारण आहे हे ओळखले. १९२० च्या आसपास त्यांनी नेमके ते छिद्र शोधून तापलेल्या टोकाने डागायला सुरुवात केली आणि १९२९ च्या ॲमस्टरडॅम परिषदेनंतर जगाने ते मान्य केले. डाग धरेपर्यंत रुग्णाला हलू द्यायचे नाही हा दंडक मात्र तसाच राहिला. १९४९ मध्ये जर्मनीतल्या कुस्टोडिस यांनी आणि त्यानंतर अमेरिकेत शेपेन्स यांनी डोळ्याच्या भिंतीला बाहेरून आधार देऊन ती पडद्याकडे दाबण्याची रीत रुळवली. तेव्हा कुठे ही अंथरुणाची शिक्षा कमी होऊ लागली.

खरे वळण आणले ते हवेने. स्वीडनच्या बेंग्ट रोसेनग्रेन यांनी १९३८ मध्ये डोळ्यात हवा भरून छिद्र आतून दाबण्याची पद्धत मांडली. १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातला गर यंत्राने कापून काढण्याचे ऑपरेशन विकसित केले. १९७३ मध्ये मायामीच्या एडवर्ड नॉर्टन यांनी हवेपेक्षा जास्त टिकणाऱ्या सल्फर हेक्झाफ्लुओराइड वायूचे निष्कर्ष मांडले. साधी हवा आठवडाभरात विरते, हा वायू साधारण दोन आठवडे राहतो आणि परफ्लुओरोप्रोपेन सहा ते आठ आठवडे. वायू हलका असल्याने बुडबुडा डोळ्यात नेहमी वरच्या बाजूला जातो आणि जिथे टेकतो तिथले छिद्र बंद ठेवतो, म्हणून पाणी आत शिरत नाही. पडद्यामागे आधीच साचलेले पाणी डोळ्याचा आतला थर शोषून घेतो. लेझरचा किंवा गोठवण्याचा डाग पक्का व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात, तोवर बुडबुड्याने राखण करायची असते. म्हणजे पूर्वी जखम हलू नये म्हणून पडायचे होते, आता छिद्र वर यावे म्हणून पडायचे असते. स्थिरतेची जागा दिशेने घेतली.

त्यामुळे सूचना प्रत्येक रुग्णाची निराळी असते. छिद्र वरच्या भागात असेल तर बसून राहणे पुरते. बाजूला असेल तर विरुद्ध कुशीवर झोपायचे. पडद्याच्या मध्यबिंदूवर असेल तर तोंड जमिनीकडे करायचे. उताणे झोपले तर बुडबुडा पुढे भिंगाला टेकतो, भिंग धुरकट होते आणि डोळ्यातला दाब चढू शकतो. रुग्णाला स्वतःचा बुडबुडा दिसतोही. पडद्यावरचे चित्र उलटे असल्याने वर असलेला वायू त्याला खाली दिसतो. डोळ्यासमोर एक काळी वक्र रेघ डुलत राहते. वायू विरत जातो तशी ती रोज थोडी खाली सरकते आणि शेवटी एक छोटा गोल उरतो. हे आधी सांगितलेले नसेल तर घरचे घाबरून रात्री दवाखाना गाठतात.

पालथे राहण्याची सर्वांत कडक रीत १९९१ नंतर आली. अमेरिकेतल्या केली आणि वेंडेल यांनी मध्यबिंदूवरचे छिद्र ऑपरेशनने बुजवता येते हे दाखवले. त्यात रुग्णाला आठवडाभर तोंड खाली ठेवावे लागे. मान, पाठ, कोपर यांचे हाल होत आणि कोपरावर भार देऊन करंगळी बधिर झाल्याच्याही नोंदी आहेत. पुढे पडद्यावरचा बारीक पापुद्रा सोलण्याचे तंत्र आल्यावर छिद्रे अधिक खात्रीने बुजू लागली आणि इतक्या दिवसांची गरज आहे का, हा प्रश्न उभा राहिला. ब्रिटनमध्ये मोठी छिद्रे असलेल्या १८५ जणांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये आला. पालथे राहिलेल्यांपैकी ९५.५ टक्क्यांची आणि न राहिलेल्यांपैकी ८५.६ टक्क्यांची छिद्रे बुजली. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. म्हणून आज लहान छिद्राला काही डॉक्टर पालथे राहणे सांगत नाहीत, तर मोठ्या छिद्राला तीन ते सात दिवस सांगतात.

अणदूर सोलापूर–हैदराबाद महामार्गालगत आहे, त्यामुळे इथला रुग्ण सोलापूरला जातो किंवा हैदराबादला. हैदराबादेत १९८७ पासून एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था आहे. मराठवाड्यात जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयाने १९९० च्या दशकापासून डोळ्यांचे उपचार जवळ आणले. गावाच्या दृष्टीने यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. सोलापूर, हैदराबाद आणि अणदूर ही तिन्ही ठिकाणे दख्खनच्या पठारावर आहेत आणि त्यांच्या उंचीत फारसा फरक नाही. मुंबईत वायू भरून निघालेला रुग्ण मात्र समुद्रसपाटीवरून बोरघाट चढतो. तिथे हवेचा दाब घटतो, बुडबुडा फुगतो आणि डोळा दुखू लागतो. विमानप्रवास तर पूर्ण वर्ज्य. वायू असताना दुसरे ऑपरेशन निघाले तर भूल देणाऱ्याला आधी सांगावे लागते, कारण नायट्रस ऑक्साइडने बुडबुडा झपाट्याने वाढतो. लांबच्या रुग्णाला, किंवा ज्याला पालथे राहणे झेपणार नाही त्याला, वायूऐवजी सिलिकॉन तेल घालतात. तेही पाण्यावर तरंगते, पण विरत नाही. काही महिन्यांनी ते काढायला पुन्हा ऑपरेशन लागते, आणि ती दुसरी फेरी चुकवणारे रुग्ण डोळा धोक्यात घालतात.

घरात ही रीत जमवणे दिसते तितके अवघड नाही. गावातली जमिनीवरची बैठक इथे उपयोगी पडते. सुपात धान्य निवडायला बसलेल्या बाईची मान जशी असते, तशीच मान हवी असते. मांडी घालून, ताट समोर जमिनीवर ठेवून जेवले तर तोंड आपोआप खाली राहते. समोर चौरंग ठेवून त्यावर उशी आणि उशीवर कपाळ टेकता येते, फक्त डोळ्यावर भार येऊ द्यायचा नाही. झोपताना छातीखाली दोन उशा घेऊन तोंडाजवळ मोकळी जागा ठेवली की श्वास अडत नाही. बहुतेक डॉक्टर तासातली दहा मिनिटे विश्रांतीला देतात. तेवढ्यात पाय चालवून घ्यावेत, मधुमेही आणि वयस्क रुग्णांनी तर नक्कीच. अणदूर आणि नळदुर्ग इथे आळीपाळीने मुक्काम करणाऱ्या खंडोबाची यात्रा त्या दिवसांत आली तर दर्शन पुढे ढकलावे. उधळलेला भंडारा ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यात जाणे चांगले नाही, आणि गर्दीत मान खाली ठेवणेही जमत नाही.

अणदूरला १९९३ पासून हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम आहे. गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे करण्याची वाट या संस्थेने धरली. पडद्याच्या रुग्णाला नेमकी अशीच माणसे लागतात. घरी येऊन उशी नीट लावून देणारी आणि रेघ खाली सरकली म्हणजे घाबरू नका असे सांगणारी. डोळा एकाएकी दुखू लागला, उलटी झाली किंवा अंधार पुन्हा वाढला, तर सकाळची वाट न पाहता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे पाठवण्याचे कामही त्यांना जमते. आणि रुग्णाला घरी आणणाऱ्याने दवाखाना सोडण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. डोळ्यात वायू आहे की तेल, तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे, दिवसातून किती तास आणि किती दिवस.